लेकीचा लोड

आमच्या घरात वीज होती, पण ती एका वेळी एकाच माणसाची असायची. आईने मिक्सर लावायचा तर दादाची इस्त्री बंद, दादाने इस्त्री लावायची तर आडावरची मोटर बंद, आणि मोटर चालू असेपर्यंत बाकीच्यांनी हात बांधून बसायचं. त्यामुळे आमच्याकडे ओरडायची पद्धत पडली होती. मिक्सरच्या बटणाला हात लावण्याआधी आई स्वयंपाकघरातून हाळी द्यायची, "मिक्सर लावालोय गंऽ!" मग माडीवरून दादा "थांब, थांब, बाही ऱ्हायलीया!" म्हणायचा आणि परसातून कुणीतरी "मोटर बंद केली!" असं कळवायचं. एवढा पुकारा झाल्यावर मिक्सर घरघरायचा आणि सोप्यातला, म्हणजे पुढच्या खोलीतला, बल्ब लालसर होऊन विझल्यासारखा करायचा. नव्याने आलेल्या पाहुण्याला वाटायचं की घरात भांडण पेटलंय. आमच्याकडे साधं बोलणंही भांडणाच्या पट्टीत चालतं, त्यामुळे त्याचा तो गैरसमज दूर करायच्या भानगडीत कुणी पडत नसे.

बायका "लावालोय", "आलो", "गेलो" म्हणतात याचं परगावच्यांना हसू येतं. कोल्हापूरच्या बायका अशाच बोलतात. मीही घरात तशीच बोलते. लिहिताना तेवढी "आले-गेले" करते, कारण शाळेत बाईंनी पट्टीने हातावर मारून ते शिकवलं होतं.

घर कळंब्याला, तलावाच्या अलीकडे. तेव्हा तो भाग गावाबाहेर होता. रस्त्यापासून आत यायला दुसऱ्याच्या उसाच्या कडेने वाट होती आणि विजेचा खांब राहिला होता तिकडे रस्त्यावर. तिथून उसावरून लोंबकळत आमची वायर यायची. वारा सुटला की ती झोके घ्यायची आणि घरातले दिवे डोळे मिचकावल्यासारखे करायचे. जवळच्या कळंबा तुरुंगाचे टोल ऐकू यायचे, त्यावर आई कुकर चढवायची. माझे वडील, तात्या, उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत साचे करायचे. दिवसभर काळ्या वाळूत आणि उकाड्यात काम करून आलेला माणूस, त्यामुळे घरी आला की पहिल्यांदा पंख्याखाली बसायचा, आणि तो पंखा आईच्या मिक्सरमुळे मंदावला की आधी मिक्सरवर, मग आईवर आणि शेवटी खांबावर तोंडसुख घ्यायचा. माणूस वाईट नव्हता. ओरडून झालं की "दे गं, भाकरी दे" म्हणायचा आणि खर्ड्यावर तेल ओतून निवांत जेवायचा.

घरातलं पाचवं माणूस आक्काआत्या. तात्यांची थोरली बहीण. तिला शाहूवाडीकडच्या एका खेड्यात दिली होती, भाताचा मुलूख, घराला घर लागत नाही असा. नवरा गेला, दिरांनी महिनाभर गोड बोलून घेतलं आणि मग तिची ट्रंक एसटीच्या टपावर चढवून दिली. ती आली तेव्हा आमच्या घराचं वायरिंग होऊन गेलं होतं. ज्या दिवशी मिस्त्रीने कुठे बटण, कुठे पॉइंट हे ठरवलं, त्या दिवशी आत्या सासरी नांदत होती, त्यामुळे तिच्या वाट्याला भिंतीवरचं एकही बटण आलं नाही. सोप्यात मीटरबोर्डाच्या खाली जो कोपरा मोकळा होता, तिथे तिने आपलं शिवणाचं मशीन मांडलं. डोक्यावर मीटर, मेन स्विच, फ्यूज, अख्ख्या घराची वीज तिच्या केसांवरून जायची, आणि ती मात्र उजेडासाठी दाराकडे तोंड करून शिवायची. अंधार पडला की मशीनवर खोळ. इस्त्री कोळशाची. परसात बसून ती कोळसे फुंकायची तेव्हा तिच्या पदरावर ठिणग्यांची बारीक भोकं पडलेली असायची. मी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाणारी, आणि मला ही भोकं दिसायची, पण त्यात काही वावगं आहे असं कधी वाटलं नाही. घरातल्या माणसाची गैरसोय वर्षभर जुनी झाली की ती त्याची सवय आहे असंच बाकीच्यांना वाटायला लागतं.

फ्यूज उडणं हा आमच्याकडचा रोजचा कार्यक्रम. कुणीतरी हाळी द्यायला विसरलं की फट् व्हायचं आणि दादा स्टुलावर चढायचा. दादा माझ्याहून थोरला, नुकताच एका कारखान्याच्या ऑफिसात लागलेला, कडक इस्त्रीचे शर्ट घालणारा. शेवटी वैतागून त्याने एक दिवस फ्यूजमध्ये नेहमीच्या केसासारख्या तारेऐवजी तांब्याच्या चांगल्या पाच-सहा तारा पिळून घातल्या. "आता उडतोय का बघ," म्हणाला. आणि खरंच उडेना. आईने त्याचं कौतुक केलं, तात्यांनीही "अक्कल चालवली पोरानं" म्हटलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार होता. पण आम्हाला ते तेव्हा कुठलं कळायला? घरात शांतता झाली, हाळ्या कमी झाल्या, एवढं आम्हाला पुरे होतं.

आणि मग चटणीचा दिवस आला. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायची हा आमच्याकडे सणच. आदल्या दिवसापासून अंगणात ब्याडगी आणि संकेश्वरी मिरच्या लालभडक पसरलेल्या, धणे, तीळ, खोबरं, लसणीच्या पाकळ्यांचा ढीग. त्या दिवशी आई मोठ्या कढईत मिरच्या तेलावर परतत होती. मिरचीचा खकाणा उठला आणि सगळं घर खोकायला लागलं. डोळ्यांत पाणी, नाकात पाणी, घशात काटे. मी खोबरं वाटायला मिक्सर लावला. हाळी द्यायला तोंड उघडलं आणि ठसका असा लागला की शब्दच फुटेना. वर दादा इस्त्री करत होता, त्यानेही तोंडाला टॉवेल बांधलेला. परसात मोटर चालू होती, ती बंद करायला कुणाला सुचलं नाही. तीनही गोष्टी एकदम चालू झाल्या. नेहमीसारखा फ्यूज उडायला हवा होता. पण त्याला आम्ही उडायची सोयच ठेवली नव्हती. वायरवरचं रबर जळत होतं, त्याचा वास घरभर असणार, पण मिरचीच्या खकाण्यात कुणाचं नाक जागेवर होतं? घर जळतंय की चटणी होतेय हे कळायला मार्गच उरला नव्हता.

कळलं ते आत्याला, आणि तेही पाठीला. ती तोंडाला पदर बांधून आपल्या कोपऱ्यात काज करत बसली होती, भिंतीला टेकून. "भित्त कढत का लागालीया?" असं म्हणत तिने वर पाहिलं. मीटरबोर्डाची लाकडी फळी एका बाजूने काळी पडली होती आणि बाहेरून आत आलेल्या वायरीतून धूर निघत होता. आत्या उठली, कापड मोजायची लाकडी पट्टी घेतली आणि तिने मेन स्विचचा दांडा खाली मारला. मिक्सर थांबला. मोटर थांबली. आम्ही खोकत खोकत सोप्यात आलो तेव्हा ती पट्टी हातात धरून उभी होती. "आगं बया," एवढंच म्हणाली. त्या फळीतून बारीक धूर निघतच होता. पाणी मारू नका, माती टाका, असा एकच गोंधळ. शेवटी फळी आपणच विझली.

रसूलमामांना बोलावणं गेलं. रसूलमामा म्हणजे आमच्या भागातले वायरमन. स्कूटरला शिडी बांधून फिरायचे आणि काम करता करता गावभरच्या घरांतल्या गोष्टी सांगायचे, त्यामुळे कुणाच्या घरात काय शिजतंय हे शेजारणींच्या आधी त्यांना ठाऊक. स्वतःविषयी त्यांचं मत फार चांगलं होतं. त्यांनी फ्यूज उपसून हातात घेतला, दादाच्या पिळलेल्या तारा बघितल्या आणि कपाळावर हात मारून घेतला.

"ह्यो कुणाचा उद्योग?"

दादा शर्टाची बाही सारखी करायला लागला.

"आरं बाबा, फ्यूज मरायसाठीच आसतोय. त्यो मेला की घर जगतंय. तुमी त्येलाच अमर केलासा! मग जळणार कोन? वायर." त्यांनी बाहेरच्या वायरीचं वितळलेलं आवरण नखाने सोलून दाखवलं. "आन् ही वायर तरी कवाची? दोन बल्बांसाठी वडल्याली. खांब त्यो तिकडं. लांबनं पानी आनायचं तर पाट रुंद लागतोय का न्हाय, तात्या? न्हायतर शेवटच्या सरीला काय पोचतंय?"

तात्यांचं लहानपण शेतात गेलेलं, त्यामुळे हे त्यांना पटकन समजलं. ठरलं की खांबापासून घरापर्यंत नवीन केबल ओढायची, बोर्ड नवा, अर्थिंग नवं. वीज मंडळाची परवानगी वगैरे रसूलमामा बघणार. आता प्रश्न एवढाच की केबल केवढी जाड.

तो प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर अजून जसाच्या तसा आहे. सकाळची वेळ, सोप्यात ऊन आलेलं, रसूलमामा शहाबादी फरशीवर मांडी घालून बसलेले. त्यांनी आत्याकडून कापडावर खुणा करायचा खडू मागून घेतला आणि फरशीवर घराच्या लोडाचे, म्हणजे कुठे किती वीज लागणार याचे, आकडे मांडायला लागले. "सांगा आता. एकेक खोली सांगा. आन् आजचं न्हवं, म्होरचं बी सांगा. केबल काय दरवर्षी बदलत न्हायत. म्होरल्या दहा-पंधरा वर्सांत ह्या घरात काय काय चालनार, त्ये बोला."

माझ्या आयुष्यात आमच्या घराने भविष्याविषयी एवढं मोकळेपणाने बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. तात्या रंगात आले. सोप्यात पंखा, बल्ब, पुढेमागे टीव्ही. आईने स्वयंपाकघरातून मिक्सर सांगितला आणि मग हळूच, "पानी तापवायचा रॉड बी धरा" म्हणाली. आडावरची मोटर होतीच, तात्या म्हणाले, तिच्यापेक्षा मोठी धरा. मग माडीवरची दादाची खोली. पंखा, बल्ब, इस्त्री. रसूलमामा मिश्कीलपणे म्हणाले, "आन् सूनबाई?" दादा लाजून बाहेर गेला. तात्या हसले. "व्हय की. सून येनार. फ्रिज आनंल. धरा फ्रिज." रसूलमामांनी फ्रिज धरला. ज्या मुलीचं नावगाव कुणाला ठाऊक नव्हतं, तिचा फ्रिज आमच्या फरशीवर खडूने उतरला.

मी चहाच्या कपबश्या घेऊन तिथेच उभी होते. आता मागची खोली राहिली होती. मागची खोली म्हणजे माझी. कोठीची खोली होती, धान्याच्या पोत्यांना चिकटून माझं टेबल. तिथे एक बल्ब होता, तोही सोप्यातल्या बटणावर. कुणी सोप्यातलं बटण दाबलं की माझा अभ्यास बंद. मी मनात ठरवून ठेवलं होतं: टेबलाजवळ एक दिवा, एक पंखा, एक पॉइंट.

"मागची खोली?" रसूलमामांनी विचारलं.

"तिथं काय न्हाय," तात्या म्हणाले. "शालन ऱ्हाती. ती काय, आज हाय, उद्या न्हाय. पावनं बघालोयच की."

"व्हय व्हय," रसूलमामा मान डोलवत म्हणाले, "लेकीचा लोड सासरला." आणि ते खाली रेघ मारून बेरीज करायला लागले.

लेक म्हणजे परक्याचं धन, हे मी जन्मापासून ऐकत आले होते. ओव्यांत, लग्नांत, आईच्या रागावण्यात. कधी लागलं नव्हतं. पण त्या सकाळी ते खडूने आकडे मांडून झालं, आणि मला ते लागलं. मला फार वाईट वाटलं. मिक्सर धरला, रॉड धरला, न आलेल्या वहिनीचा फ्रिज धरला, आणि मी समोर उभी असताना मला धरलं नाही. मी कपबश्या खाली ठेवल्या.

"बेरीज चार एमएमात बसत न्हाय," रसूलमामा सांगत होते. "सहाची अॅल्युमिनियम घ्या. लांबी धरून बी जमतंय काटावर."

तेव्हा कोपऱ्यातलं मशीन थांबलं. आत्या मान वर न करता म्हणाली, "बाळू, पोरीचा लोड धर."

तात्यांना बाळू म्हणणारी जगात तीच एक उरली होती. ते म्हणाले, "आक्का, ती जानार की सासरला."

"मीबी गेलतो की," आत्या म्हणाली.

तात्या उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा असा लाल झाला की मी मागे सरले. "तोंडाला काय हाड हाय का न्हाय तुज्या? पोरीचं लगीन ठरायचंय आन् तू ती परत येनार म्हनतीस? अभद्र बोलतीस? तिचा लोड धरायचा म्हंजे काय, ती माघारी येनार म्हनून घर बांधून ठेवायचं?"

आणि तेव्हा मला दिसलं की ते घाबरले होते. ओरडणाऱ्या माणसाची भीती पटकन ओळखू येत नाही. त्यांना पैसे वाचवायचे नव्हते, माझी अडगळही झाली नव्हती. माझ्यासाठी या घरात जागा ठेवली तर मला सासरी जागा मिळणार नाही, असा काहीतरी हिशेब त्यांच्या मनात होता. एका बहिणीला त्यांनी परत येताना पाहिलं होतं. मुलीसाठी पॉइंट ठेवणं म्हणजे त्यांच्या लेखी अपशकुन. हे मला आज नीट मांडता येतं. त्या दिवशी मात्र मला एवढंच कळलं की इथे मी बोलले नाही तर कधीच बोलणार नाही.

"माजं ऱ्हाऊ द्या," मी म्हणाले. "आत्याला तरी एक पॉइंट द्या. ती हितंच हाय न्हवं? ती काय उद्या जानार न्हाय. तिच्या डोस्क्यावर मीटर हाय आन् ती कोळसं फुंकती."

आत्याने मशीनचं चाक हाताने उगाच फिरवलं. रसूलमामा खडू बोटांत फिरवत राहिले.

बोलली ती आई. माझी आई माणसांसमोर तात्यांच्या शब्दापुढे शब्द टाकत नसे. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, पदराला हात पुसत, आणि रसूलमामांकडे बघून, जणू बाजाराची यादी सांगावी तशी म्हणाली, "मिस्त्री, शालनचं बाळंतपन धरा."

"आँ?"

"पयलं बाळंतपन म्हायेरालाच आसतंय न्हवं? पोरगी सव्वा म्हयना हितं ऱ्हानार. मागच्या खोलीत पंखा लागनार. बाळाला दिवा लागनार. न्हानीत रोज दोघांस्नी कढत पानी लागनार. चूल पेटवत बसू काय मी? त्यो लोड धरा. आन् वन्संची इस्त्री बी धरा. बाळाची दुपटी कोरडी कराय लागतील पावसात."

तात्यांनी आईकडे पाहिलं. त्यांना तिथे आडवं बोलायला जागाच नव्हती. मुलगी बाळंतपणाला माहेरी येणार, याला अभद्र कोण म्हणणार? आईने तीच खोली, तोच पंखा, तोच दिवा मागितला होता, फक्त त्याला कुंकू लावून. रसूलमामांचे डोळे चमकले. "वा वहिनी," म्हणाले आणि त्यांनी रेघेखाली भराभर आकडे घातले. मग थांबले. "पर मग सहात बसत न्हाय, तात्या. दहाची लागतीया."

तात्या चपला घालून बाहेर पडले. रसूलमामा त्यांच्यामागे रस्त्यावर लावलेल्या स्कूटरकडे धावले.

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने, म्हणजे दादाच्या मुलाने, घराला एसी बसवायचा म्हणून सगळं वायरिंग नवं करून घेतलं. कॉलर ताठ केलेला एक तरुण इलेक्ट्रिशियन आला, त्याने मोबाइलवर सगळा लोड घातला आणि मला विचारलं, "आजी, तुमच्या खोलीत एसी धरायचा का?" एसीने माझे गुडघे धरतात. मी लावणार नाही. तरी मी म्हणाले, "धर बाबा. लागो न लागो, धरून ठेव." त्याला वाटलं म्हातारी हौशी आहे.

तर तात्या केबल आणायला गेले त्या दिवशी दुपारभर आम्ही तिघी बायका त्यांची वाट बघत बसलो. कुणी कुणाला तसं म्हटलं नाही. आई मिरच्यांची देठं खुडत बसली, वीज नसल्याने बाकीची कामं थंड होती. मला शिकवणीला जायचं होतं, मी गेले नाही. सहा की दहा, एवढंच डोक्यात. सहा आली तर या घरात मी पाहुणी, दहा आली तर माझी, असं मी ठरवून टाकलं होतं. आज कुणी असं म्हणालं तर मी हसेन, वायरीवर काय ठरतं गं, म्हणेन. पण तेव्हा मला दुसरं माप ठाऊक नव्हतं.

तात्या आले ते खांद्यावर केबलचं वेटोळं घेऊन. स्कूटर उसाच्या वाटेवर येत नव्हती, म्हणून तिथून चालत. ते वेटोळं जाड होतं, काळं, आणि तात्या एका बाजूला कललेले होते. मला माप कळत नव्हतं, पण त्यांच्या कललेल्या खांद्यावरून कळलं. सोप्यात ते टाकून ते घाम पुसत म्हणाले, "सहाची संपलीया म्हनला दुकानदार. दहाचीच शिल्लक हुती."

"व्हय, संपलीया," रसूलमामा मागून छताकडे बघत म्हणाले.

आत्याने पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती ते तिचं तिला ठाऊक.

पुढचे काही दिवस घरात छिन्नी-हातोडीचा आवाज आणि चुन्याची धूळ. अर्थिंगसाठी परसात खड्डा खणला. त्यात कोळसा आणि मीठ घालायचं असतं. मीठ आईने दिलं. कोळसा आणायला दादा निघाला तर आत्या म्हणाली, "कशाला? हाय की." आणि आपल्या इस्त्रीसाठी साठवलेलं कोळशाचं पोतं तिने ओढत आणून त्या खड्ड्यात रिकामं केलं. कोपऱ्यातल्या नव्या पॉइंटवर तिने विजेची इस्त्री पहिल्यांदा लावली तेव्हा सवयीने तिच्यावर फुंकर मारली, आणि आम्ही सगळे हसलो, तीही. नव्या बोर्डात फ्यूजची तार रसूलमामांनी स्वतः घातली आणि दादाला दम दिला की हिला हात लावलास तर बोटं मोडीन. त्या दिवसापासून आमच्याकडची हाळी बंद झाली. सुरुवातीला आईला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. मिक्सरच्या बटणाला हात लावून ती उगाच थांबायची.

माझं लग्न झालं. चंदगडकडे दिलं मला, काजूच्या बागा आणि न संपणारा पाऊस. आईने धरलेलं बाळंतपण काही झालं नाही. तिथे जी वर्षं गेली त्यांविषयी लिहायची माझी इच्छा नाही, आणि ज्यांच्याविषयी लिहावं लागेल ती माणसंही आता राहिली नाहीत. एवढंच सांगते की एक दिवस मी बॅग भरली, एसटीत बसले आणि कोणाला न कळवता कळंब्याला उतरले. उसाच्या वाटेने येताना वर ती केबल दिसत होती. तिच्यावर साळुंक्या बसल्या होत्या आणि ती हलत नव्हती.

आत्या आपल्या कोपऱ्यात होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग बॅगेकडे. माहेरपणाची बॅग केवढी असते आणि ही केवढी आहे हे बायकांना सांगावं लागत नाही. तिने मशीनवरच कपाळ टेकलं आणि स्वतःच्या तोंडावर चापट्या मारायला लागली. "माज्या तोंडानं झालं गं पोरी. माज्या जिभंनं झालं. मी त्ये बोललो तवाच..." आईने तिचे हात धरले. मला पाणी दिलं. दादा आणि वहिनी माडीवरून खाली आले आणि जिन्यातच थांबले, कारण तात्यांची यायची वेळ झाली होती. तात्या काय म्हणतील, याच एका विचाराने सगळं घर धास्तावलं होतं. मी तर बॅग उचलून परत जायच्या तयारीत होते. परत कुठे, ते ठाऊक नव्हतं.

तात्या आले. अंगाला वाळू, डोळ्यांखाली काजळी. त्यांनी चपला काढल्या, बॅग पाहिली, मला पाहिलं. मला वाटलं आता ओरडणार. ते सरळ मागच्या खोलीत गेले. आतून बटणाचा आवाज आला. मग काही नाही. मग काठी आपटल्याचा आवाज, कारण तो पंखा न वापरून अडकला होता आणि ते पात्याला ढोसत होते. पंखा कुरकुरला आणि फिरायला लागला. बरीच धूळ उडाली असणार, ते शिंकत बाहेर आले.

"आक्का, गप," ते म्हणाले. "तुज्या तोंडानं काय झालं न्हाय. तुज्या तोंडानं वायर बसली." मग माझ्याकडे वळले. आवाज नेहमीचाच, खांबापर्यंत ऐकू जाणारा. "शाले, ये. पंख्याखाली बस. तुजा लोड धरल्याला हाय."

मी मागच्या खोलीत जाऊन बसले आणि पोटभर रडले. वर पंखा फिरत होता, माडीवर वहिनीचा फ्रिज चालू होता, परसात मोटर होती, आत्याने डोळे पुसून इस्त्री लावली होती. स्वयंपाकघरात आईने माझ्यासाठी चटणी वाटायला मिक्सर लावला. कुणी ओरडलं नाही. माझ्यासाठी घरात कुणाला काहीही बंद करावं लागलं नाही.